मजुराची छबी आणि पाहणाऱ्याचें कर्तव्य

दुष्ट हेतूनें निर्माण झालेल्या वस्तूपासून पुढें कांहीं चांगलें निष्पन्न झालें, तर मूळच्या दोषाचें क्षालन होतें काय? नीतिशास्त्रांतील हा जुना प्रश्न मॉरिशस बेटावरील मजुरांच्या छायाचित्रांनीं आमच्यापुढें नव्यानें उभा केला आहे.

ब्रिटिश साम्राज्यांतून गुलामगिरी कायद्यानें गेली, परंतु उसाच्या मळ्यांची मजुरांची भूक गेली नाहीं. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानांतील माणसें करारानें तेथें नेण्यांत येऊं लागलीं. १९१० पर्यंत सुमारें साडेचार लक्ष लोक त्या बेटावर उतरले. मुंबई बंदरांतून गेलेले रत्नागिरीकडील मराठी लोकही त्यांत होते. १८६७ च्या कायद्यानें करार संपलेल्या मजुरावरही असें बंधन घातलें कीं, त्यानें स्वतःची छबी लावलेला परवाना सदैव जवळ बाळगावा. तो जवळ न आढळल्यास त्याला भटक्या ठरवून पकडण्यांत येई. या जाचाविरुद्ध अडोल्फ द प्लेवित्झ याच्या साहाय्यानें ९,४०१ जणांनीं १८७१ मध्यें अर्ज केला, आणि पुढें राजनियुक्त आयोगास चौकशी करावी लागली.

युरोपांतील सधन गृहस्थ ज्या कलेपुढें हौसेनें बसे, तिच्याचपुढें हा मजूर सक्तीनें बसला. छबी खोटें बोलली नाहीं, हें खरें. पण तिला विचारण्यांत आलें तें एवढेंच कीं, ‘हा तोच काय?’ हा कोणाचा मुलगा, कोणत्या गांवाहून कां निघाला, हें तिला कोणीं विचारलें नाहीं.

आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत त्याच छबींपाशीं मजुरांचे वंशज येतात आणि आपल्या पणजोबांचा चेहरा शोधतात. तेव्हां कोणी म्हणेल, तो जुलूम नसता तर हा चेहरा तरी कोठून उरता? आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाहीं. चोरानें पुरलेलें धन मालकाच्या नातवास सांपडलें, म्हणून चोर दाता ठरत नाहीं. येथें श्रेय असलेंच तर तें शोधणाऱ्याच्या आपुलकीचें आहे.

छबी एकच, शिपायाला तींत क्रमांक दिसला, पणतूला पूर्वज दिसतो. हा भेद कागदांत नसून दृष्टींत आहे. ज्यांचा त्या मजुरांशीं रक्ताचा संबंध नाहीं, अशा आपणांवरही म्हणून एक जबाबदारी येते. केवळ कुतूहलानें त्या चेहऱ्यांवरून नजर फिरवून पान उलटणें म्हणजे शिपायाचीच तपासणी पुन्हां करणें होय. त्या माणसानें न बोललेलें जाणून घेण्याची तयारी असेल, तरच त्याच्याकडे पाहण्याचा अधिकार आपणांस पोहोंचतो.