कष्ट कोणाच्या अंगावर

हिंदी महासागरातल्या बेटांचा फेरा करणाऱ्या जहाजाचं तिकीट काढलं, की जहाज सुटायच्या आधीच सहलींची यादी हाती येते. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जहाज सकाळी लागणार, संध्याकाळी सुटणार, मधला दिवस ज्याचा त्याने ठरवायचा. आमच्या यादीत तामारिनच्या उपसागरात डॉल्फिनबरोबर पोहणं होतं, डोक्यावर मोठं हेल्मेट चढवून समुद्राच्या तळावर चालणं होतं, पॅरासेलिंग होतं, शामारेलच्या रानातून क्वाड बाइक पळवणं होतं आणि ल मॉर्नचा डोंगर चढणं होतं. प्रत्येक सहलीपुढे पावलांचे ठसे छापलेले. एक ठसा म्हणजे सोपी, तीन म्हणजे दमछाक करणारी. ल मॉर्नपुढे तीन होते.

मी चिपळूणला शाळेत भूगोल शिकवला आणि सुट्ट्या सह्याद्रीत काढल्या. माझं बोट डोंगरावर गेलं यात नवल नाही. पण त्या तीन ठशांनी एक जुना प्रश्न पुन्हा वर आणला. कुणी सांगितलेलं नसताना, वर पैसे मोजून, माणूस स्वतःच्या शरीराला त्रास का देतो? आणि त्या त्रासाला काही किंमत आहे का? आपल्याकडे उपास आहेत, अनवाणी चालत फेडलेले नवस आहेत, नर्मदेची परिक्रमा आहे, आषाढातली वारी आहे. तिथे कुणी हा प्रश्न विचारत नाही, कारण देवाचं नाव जोडलेलं असतं. डोंगर चढण्याला असं कोणतं नाव जोडायचं?

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाची प्रतवारी आहे. मी तो अध्याय पुष्कळदा वाचला आहे आणि दर वेळी एकाच जागी थबकते. शारीर तप म्हणजे काय ते सांगताना तिथे उपाशी राहणं नाही, काट्यावर झोपणं नाही, उन्हात उभं राहणं नाही. देवाची, गुरूंची, जाणत्यांची पूजा आहे, स्वच्छता आहे, सरळपणा आहे, ब्रह्मचर्य आहे आणि अहिंसा आहे. पुढे त्याच तपाचे तीन प्रकार येतात. फळाची इच्छा न धरता केलेलं सात्त्विक. मान मिळावा, लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेलं राजस. आणि मूढ हट्टाने स्वतःला पिडून किंवा दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून केलेलं तामस. त्रास किती झाला, याचा हिशोब या प्रतवारीत कुठेच नाही. ठसे एक की तीन, याने गीतेला काही फरक पडत नाही. या अध्यायावर लिहिताना ज्ञानदेवही शरीर जाळणाऱ्या-टोचणाऱ्या तपाची बाजू घेत नाहीत.

मग मी माझ्यापुरती एक कसोटी धरली: या सहलीतले कष्ट कोणाच्या अंगावर पडणार आहेत?

डॉल्फिनची सहल या कसोटीवर तिथेच बाद झाली. माझ्याबरोबर माझी भाची ईशा होती आणि तिला तीच हवी होती. तिला लहानपणापासून पाण्याचं वेड आहे. तामारिनला येणारे स्पिनर डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ, शांत पाण्यात विसाव्याला येतात. ती त्यांची झोपेची वेळ. डॉल्फिनला श्वासासाठी वर यावंच लागतं, म्हणून तो पूर्ण झोपत नाही. मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून कळपाबरोबर हळूहळू पोहत राहतो. नेमक्या त्याच वेळी होड्या निघतात, कारण तेव्हाच तो हमखास दिसतो. कळपाच्या वाटेत पुढे जाऊन होडी थांबवायची, माणसं पाण्यात उतरवायची, कळप पुढे गेला की पुन्हा तेच. यादीत या सहलीपुढे एकच ठसा होता. तो माझ्या दमण्याचा झाला. कळपाला किती पळावं लागतं, ते छापायला जागाच नव्हती.

"मावशी, मग पोहायचंच नाही का?" ईशाने विचारलं. म्हटलं, पोहायचं की, पण कुणाला झोपेतून उठवून नव्हे. तिला ते पटलं. पण लगेच तिने मला ल मॉर्नवर धरलं आणि तिचा आक्षेप माझ्यापेक्षा भारी होता.

ल मॉर्न ब्राबां हा बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, थेट समुद्रात घुसलेल्या जिभेवर उभा असलेला 556 मीटरचा डोंगर. बाजू सरळसोट तुटलेल्या. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला उसाच्या मळ्यांवरून पळालेले गुलाम इथल्या कपारींत आणि माथ्यावर लपून राहत. मोझांबिकचे, मादागास्करचे, काही भारतातून नेलेलेही. युनेस्कोने 2008 मध्ये या डोंगराला जागतिक वारसा मानलं ते याचसाठी. लोकांच्या आठवणीत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आहे. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामी कायद्याने संपली आणि ही बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे आले. वरच्यांना वाटलं, धरायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

"तिथे माणसं जीव मुठीत धरून चढली," ईशा म्हणाली. "आपण हौस म्हणून चढायचं?"

आमचे हे म्हणाले, डोंगर कुणाचा नसतो. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. हा डोंगर नक्कीच कुणाचा तरी आहे. त्याच्या पायथ्याच्या गावात त्याच लोकांची नातवंडं-पतवंडं राहतात, आणि दर 1 फेब्रुवारीला तिथे लोक जमतात.

माझं उत्तर वेगळ्या ठिकाणाहून आलं. फ्रेंचांनी 1723 मध्ये या बेटांसाठी गुलामांचा कायदा केला होता. गुलाम पळाला आणि महिनाभर सापडला नाही तर पहिल्या खेपेला कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्या खेपेला गुडघ्यामागची शीर कापायची. तिसऱ्या खेपेला मृत्यू. त्यातली मधली शिक्षा मला वाचल्यापासून विसरता येत नाही. ज्या शिरेच्या जोरावर माणूस चढण चढतो, नेमकी तीच. मालकाला कळलेलं होतं की पळणाऱ्याची खरी मालमत्ता त्याचे पाय आहेत. असा कायदा ज्यांच्यावर चालला त्यांच्या डोंगरावर कुणी आपल्या मर्जीने, धडधाकट पायांनी चढत असेल, तर त्यात त्यांचा अपमान आहे असं मला वाटत नाही. आपल्या मर्जीने पाऊल टाकता यावं, याचसाठी ते वर गेले होते. अपमान होतो तो आपण त्यांचं दुःख अनुभवून आलो, असं खाली येऊन सांगितलं तर. आमच्या यादीत त्या सहलीखाली जवळजवळ असंच एक वाक्य होतं आणि ते खोटं आहे.

का खोटं, ते डोंगरावरच दिसलं. पहिला टप्पा सोपा, झाडीतून जाणारा रुंद मातीचा रस्ता, उजाडल्यावर लगेच निघाल्याने ऊनही बेताचं. खाली प्रवाळाच्या रांगेवर फुटणारी पांढरी लाट आणि तिच्या अलीकडे हिरवट निळं पाणी. मग झाडी संपते आणि कातळ सुरू होतो. इथून हात लावल्याशिवाय चढता येत नाही. आमचा वाटाड्या तिथल्याच क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातल्या, कुटुंबातला तरुण. त्याने सगळ्यांना थांबवलं आणि शांतपणे सांगितलं, पुढे कठीण आहे, ज्याला नको वाटतं त्याने इथेच सावलीत बसावं, यात लाज काही नाही. आमच्यातले एक गृहस्थ खरोखरच बसले. अंगाने दणकट, पण खाली पाहिलं की त्यांना गरगरत होतं. त्यांनी पाण्याची बाटली काढली, बूट सैल केले आणि आम्हाला हात केला.

मी पुढच्या धोंड्याला हात घातला तेव्हा मनात तेच होतं. साहस म्हणजे ज्यातून मागे फिरता येतं ते. पाय थरथरत असोत, घसाऱ्यावरून बूट सरकत असोत, छाती भात्यासारखी चालत असो, मागे फिरायची वाट उघडी असते आणि खाली बस उभी असते. जे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी इथे चढले त्यांच्या मागे कुत्री आणि बंदुका होत्या. दोघांचे स्नायू सारखेच दुखले असतील. पण माझ्या दुखण्याला 'नको' म्हणायची सोय होती. ही सोय आहे तोवर माझे कष्ट त्यांच्या कष्टांचे सोबती होऊ शकत नाहीत, आणि तसा आव मी आणू नये. निवडलेलं दुःख आणि लादलेलं दुःख यांची जात वेगळी आहे. अध्यात्माची पुस्तकं सोसण्याचा महिमा सांगताना दोन्हींची फार सहज गल्लत करतात. 'दुःखाने माणूस घडतो' हे वाक्य ज्याने दुःख निवडलं त्याने स्वतःपुरतं म्हणावं. ज्याच्यावर ते लादलं गेलं त्याला ते ऐकवू नये.

कातळ बेसॉल्टचा, काळा, खरखरीत, हाताला ओळखीचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार ज्या लाव्ह्याने घडलं, तो जमिनीखालच्या एका तप्त स्रोतातून आला असं भूशास्त्र मानतं. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला, स्रोत जागचा हलला नाही, आणि फार पुढे त्याच्यावरच मॉरिशस व रियुनियन ही बेटं वर आली. वर्गात हे मी नकाशावर दाखवत असे. इथे एका कपारीत बोटं अडकवून अंग वर ओढलं, तेव्हा राजगडच्या वाटेवरचाच दगड धरल्यासारखं झालं. फार आनंद झाला. तो कमी लेखायचं मला कारण दिसत नाही.

वाट खऱ्या माथ्यापर्यंत जात नाही, एका क्रूसापाशी थांबते. वाटाड्याने टोपी काढली. मी हात जोडले. ईशा बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मला अजून वाटतं, आपण विचारून यायला हवं होतं." कुणाला विचारायचं, ते दोघींनाही सांगता आलं नाही. पण तिचं म्हणणं बरोबर आहे.

परतीच्या रस्त्यावर मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. आडनाव ऐकून मीच विचारलं. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, मुंबईहून जहाजाने आलेले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर. गाव आता कुणाला ठाऊक नाही, पण लग्नाकार्यात जाखडी नाचतात, तिला तिथे झाकरी म्हणतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. गुलामी संपत आली तेव्हा मळ्यांना माणसं हवी होती. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अॅटलस' जहाजातून पहिले मजूर उतरले, आणि त्यानंतर जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून इथे आली. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं शास्त्री सांगत होते, त्या काळात. हे मजूर जिथे उतरत त्या बंदराजवळच्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या आम्ही दुपारी चढलो. आमच्या जहाजाच्या यादीत त्यांच्यापुढे ठसा नव्हता, कारण त्या यादीतच नव्हत्या.

ड्रायव्हर दर महाशिवरात्रीला गंगा तलावाला पायी जातात. डोंगरातलं खोलगट तळं, विवरात साठलेलं. 1972 मध्ये त्यात गंगेचं पाणी आणून मिसळलं, तेव्हापासून हे नाव. खांद्यावर बांबूची, कागदाची, आरशांची सजवलेली कावड, दिवसरात्र चालणं, पायाला फोड. वाटेत ठिकठिकाणी लोक पाणी-सरबत घेऊन उभे असतात, त्यात हिंदू नसलेलेही असतात. मी विचारलं, काही मागता का देवाकडे? ते म्हणाले, गेल्या वर्षी मुलीच्या परीक्षेसाठी चाललो, यंदा बायकोच्या डोळ्यांसाठी.

गीतेच्या कसोटीवर हे चालणं सात्त्विक ठरत नाही, कारण फळ मागितलं आहे. ईशाने गाडीतच मला हे दाखवून दिलं. मला ते मान्य नाही. त्यांच्या पणज्याचे पाय मुकादमाच्या हुकमाने मळ्यावर चालले. त्यांचे पाय कुणाच्या हुकमावाचून चालतात, फोड त्यांच्या स्वतःच्या पायाला येतात, आणि मागणं दुसऱ्यासाठी असतं. माझ्या ल मॉर्नवर कष्ट माझे होते आणि आनंदही माझाच होता. त्यात कुणाचं नुकसान झालं नाही, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल. स्वतःसाठी मागितलेलं फळ आणि बायकोच्या डोळ्यांसाठी मागितलेलं फळ यांत गीतेची ती प्रतवारी भेद करत नाही. मला तो भेद हवा आहे, आणि त्या एका ठिकाणी मी त्या अध्यायाशी भांडायला तयार आहे.