चालत्या घराला वाट हवी

पुण्याच्या मध्यमवर्गाला गेल्या काही वर्षांत शेतघराची ओढ लागली आहे. मुळशी, भोर, पुरंदर या तालुक्यांत दहा-वीस गुंठे घ्यावेत, परसबाग लावावी, राखणीला दोन कुत्री ठेवावीत, जमल्यास चार मेंढ्या-शेळ्या पाळाव्यात, असे अनेकांना मनापासून वाटते. या ओढीत खोटे काही नाही. जनावरांच्या आणि मातीच्या सोबतीने जगावे ही माणसाची जुनी गरज आहे. मात्र हेच जगणे पिढ्यानपिढ्या जगत आलेले लोक दरवर्षी आपल्या शहराच्या कडेने चालत जातात, आणि त्यांच्या पायांखालची जमीन आपण वेगाने काढून घेत आहोत. ते म्हणजे बारामती, फलटण, इंदापूर, शिरूर भागांतले मेंढपाळ धनगर. पुण्याला मेंढ्या, कुत्री आणि बाग यांचे जगणे खरोखर मोलाचे वाटत असेल, तर आधी या लोकांच्या वाटेचे रक्षण केले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या वाटेमागे निसर्गाचा हिशेब आहे. दख्खनी मेंढी कोरड्या माळाची. चिखल आणि संततधार तिला सोसत नाही, खूर कुजतात. म्हणून पावसाळ्यात कळप पूर्वेकडच्या पर्जन्यछायेच्या माळांवर राहतात. दिवाळीच्या सुमारास तिथले गवत आणि पाणी आटू लागले की वाडे, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचे फिरते तळ, पश्चिमेला निघतात. काही मुळशी-मावळात थांबतात, तर काही घाट उतरून कोकणातल्या भात कापलेल्या शिवारांत जातात. मृगाच्या आत सगळे परततात.

वाड्याचा दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. कोकरांना आयांचे दूध पाजून घ्यायचे, लंगडणारी मेंढी बाजूला काढून तिचा खूर पाहायचा, मग पुरुष कळप घेऊन चरायला निघतात. बाया वाघरी, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, गुंडाळतात. भांडी, अंथरुणे, कोंबड्या, चालू न शकणारी कोकरे आणि कधी लहान मूलही घोड्यावर चढवून त्या पुढच्या मुक्कामाला जातात. तिथे चूल मांडणे, पाणी शोधणे, जळण आणणे आणि संध्याकाळी कळप येण्याआधी वाघरी लावणे ही सारी कामे त्यांची. घर चालते ते त्यांच्यामुळे. रात्री राखणीची जबाबदारी कुत्र्यांची. लांडगा जवळ आला की माणसाला जाग येण्याआधी ती उठतात. या माळांवर लांडगा अजून आहे आणि मेंढपाळ त्याच्या शेजारीच राहत आला आहे, ही गोष्ट आपल्या संरक्षणाच्या चर्चांत फारशी येत नाही.

या घराला स्वतःची बाग नाही, पण दुसऱ्यांच्या बागा ते पिकवते. शेतकरी पीक काढल्यावर रानात मेंढ्या बसवून घेतो. रात्रभराच्या लेंड्या आणि मूत थेट मातीत मुरते, आणि मोबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. वाहतूक नाही, कारखाना नाही, डिझेल नाही. सेंद्रिय भाजीसाठी चार पैसे जास्त मोजणाऱ्या शहराने खताची ही व्यवस्था समजून घ्यायला हवी. पूर्वी लोकरीलाही किंमत होती. सनगर आणि खुटेकर तिची घोंगडी विणत. आज जाडीभरडी दख्खनी लोकर कातरणीचा खर्चही जेमतेम भरून काढते. संसार चालतो तो कोकरांच्या विक्रीवर आणि खतावर.

आपल्या संस्कृतीतही हे लोक कडेला उभे नाहीत. जेजुरीच्या खंडोबाची पत्नी बाणाई धनगरांची. पुरंदरमधल्या वीरचा म्हस्कोबा सोनारीहून आला तो एका धनगर भक्ताच्या मागे, अशी श्रद्धा आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याचा मोठा भाग या देवांच्या आणि धनगरी ओव्यांच्या अभ्यासाला दिला. त्यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचा ग्रंथ 1976 साली आला. तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते, तेव्हा सारा महाराष्ट्र ते कौतुकाने पाहतो. ते कौतुक खरे असेल तर वर्षाच्या बाकीच्या दिवसांतही त्या मेंढ्यांना चरायला जागा मिळायला हवी.

ती जागा तीन बाजूंनी आटते आहे. पहिले कारण शहराची वाढ. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली. गाव शहरात आले की गायरान हा मोकळा भूखंड ठरतो आणि त्यावर प्रकल्पांची नजर जाते. दुसरे कारण कुंपणे. शेतघरांच्या वसाहती आणि रुंद महामार्ग जुन्या पायवाटा मध्येच तोडतात. तिसरे कारण सद्हेतूचे आहे, म्हणून अधिक अवघड. सासवड-जेजुरी-सुप्याकडचे गवताळ माळ सरकारी दप्तरी ‘पडीक’ ठरतात आणि त्यांवर खड्डे खणून झाडे लावली जातात. चिंकारा आणि लांडगा यांचे घर गवतातच आहे. चिंकाऱ्यासाठी सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले, पण ते साधारण पाच चौरस किलोमीटरचे. बाहेरचा माळ टिकला तरच त्याला अर्थ आहे.

यावर म्हणतात की भटकंती संपवावी, बंदिस्त मेंढीपालन करावे. मुलांच्या शाळेसाठी अनेक कुटुंबांना स्थिर व्हायचेच आहे, आणि त्यांना ती संधी मिळालीच पाहिजे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतले जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले, हे मोलाचे काम आहे. कमी मेंढ्यांत जास्त कोकरे मिळाली तर घर एका जागी टिकू शकते. पण बंदिस्त कळपाला चारा विकत घ्यावा लागतो, आणि त्यासाठी जमीन, पाणी, भांडवल लागते. ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यापुढे आज वाट बंद होण्याखेरीज पर्याय उरत नाही. स्थिर होणे ही निवड असावी, सक्ती नव्हे.

कायदा अगदीच मुका नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात दिला. कमी आहे ती अंमलबजावणीची इच्छा. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय पुण्यातच, गोखलेनगरच्या मेंढी फार्मवर आहे. त्यामुळे सुरुवात याच शहराने करावी. समाविष्ट गावांच्या विकास आराखड्यात मेंढपाळांचे मार्ग आणि मुक्कामाच्या जागा नकाशावर आखाव्यात. उरलेली गायराने चराईसाठीच राखावीत. गवताळ माळांवरची सरसकट वृक्षलागवड थांबवावी. मार्गावर पाणी आणि पशुवैद्य मिळावेत. आणि ज्यांनी शहराबाहेर जमीन घेतली आहे, त्यांनी कुंपण घालताना जुनी वाट सोडावी, रान मोकळे असेल तेव्हा एक रात्र मेंढ्या बसवून घ्याव्यात. त्यांच्या बागेला खत मिळेल आणि वाड्याला मुक्काम.