खणातले पत्र

कचेरीतून कन्नड पत्र आले की मी ते खणात टाकीत असे. कन्नड बोलतो, पण वाचताना अडखळतो; मुख्याध्यापकाने शिपायासमोर अडखळावे कसे? खण मिटला की जीव हलका होई. दुसऱ्या दिवशी मात्र त्या खणाला हात लावायचीही धास्ती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मौरर यांनी १९४७ साली हेच मांडले : टाळण्याने मिळणारा दिलासाच टाळण्याची सवय पक्की करतो. शिवाय भीती खोटी ठरायला संधीच उरत नाही.

एकदा अशाच पत्राची मुदत टळली. एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती हुकली. भीती माझी, भुर्दंड तिला! तेव्हा कळले, टाळणे ही नुसती दुर्बलता नव्हे. तिच्यात दुसऱ्याचा हक्क बुडतो.

आता पत्र शिपायासमोरच मोठ्याने वाचतो. अडखळतो; तो सुधारतो. खण रिकामा आहे.