पूर्वजांचे देणे

पूर्वजांचा मान राखावा की नाही, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो राखावा हे सर्वांस मान्य आहे. वाद पडतो तो कसा राखावा ह्याविषयी. पितृपक्ष आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत हा वाद उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. गावाहून वडील भावाचा निरोप येतो की, बापाच्या नावाने पान वाढावयाचे आहे, तू ये. जावे तर मनास टोचते. न जावे तर म्हातारी आई म्हणते की, पोराने धर्माबरोबर बापही टाकला. ह्या प्रश्नाचा खल चीन देशात शेकडो वर्षे झाला आहे; म्हणून प्रथम तिकडे पाहू.

चिनी कुळाचे पूर्वजगृह म्हणजे नुसते देऊळ नव्हे. आत पिढ्यांच्या अनुक्रमाने नावे लिहिलेल्या लाकडी पट्ट्या मांडितात. त्यांपुढे धूप जाळितात व नेमलेल्या दिवशी अन्न ठेवितात. पुष्कळ कुळांची सामाईक शेते असत. त्यांच्या खंडातून हा खर्च चाले, आणि त्याच खंडातून गरीब भाऊबंदांच्या मुलांचे शिक्षणही होई. कँटन शहरातील चेन घराण्याचे प्रसिद्ध गृह १८९४ साली पुरे झाले. प्रांताच्या ७२ तालुक्यांतील चेन आडनावाच्या लोकांनी वर्गणी करून ते बांधिले, व परीक्षेकरिता शहरात येणाऱ्या आपल्या तरुणांची तेथे उतरण्याची सोय केली. १९५९ सालापासून तेथे लोककलांचे संग्रहालय आहे.

ह्या पट्ट्यांपुढे ख्रिस्ती मनुष्याने मस्तक नमवावे काय? मात्तेओ रिची हा जेझुइट मिशनरी १६१० साली पेकिंग येथे वारला. त्याचे मत असे होते की, ही देवपूजा नव्हे, केवळ कुळाचार होय. रोमच्या पोपांनी १७१५ व १७४२ साली त्यास बंदी केली, आणि १९३९ साली ती बंदी बहुतांशी उठविली. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची परिषद १८९० साली शांघाय येथे भरली, तेव्हा मार्टिन नावाच्या विद्वान मिशनऱ्याने सौम्यपणे वागावे असे प्रतिपादन केले. परंतु बहुतेकांस ते रुचले नाही. एका पक्षास भय वाटे की देवाचा मान माणसास जाईल. दुसऱ्यास भय वाटे की लेकरू कृतघ्न ठरेल. दोन्ही भये खरी आहेत. तथापि मस्तक किती लववावे एवढ्यावरच दृष्टी खिळली, तर ह्याहून मोठा प्रश्न मागे राहतो. तो असा की, पूर्वजांच्या नावाने उघडलेल्या दारातून कोणास आत येऊ देतात?

ह्याचे एक उत्तर आपल्या जवळच आहे. विठ्ठलवाडीहून लोकलने मुंबईस जाणाऱ्या मनुष्यास माझगावच्या गोदीजवळ नवाब टँक मार्गावर एक लहानसे दुमजली चिनी मंदिर पाहावयास मिळेल. त्याचे नाव सी यूप कून, म्हणजे चार परगण्यांचे घर. कँटनकडील चार परगण्यांतून आलेल्या लोकांनी ते १९१९ साली स्थापिले. गलबतांवरील खलाशी व गोदीतील कामकरी ह्यांचे पूर्वजगृह समुद्रापलीकडे राहिले होते; येथे त्यांस विसावा मिळे. हे एका रक्ताच्या कुळाचे घर नव्हे. वरच्या मजल्यावर क्वान कुंग ह्या पुरातन सेनापतीची स्थापना आहे. सख्खे नसलेल्या दोघांस भाऊ मानून त्याने ते नाते मरेपर्यंत पाळिले, अशी त्याची कीर्ती चिनी लोक गातात. १९६२ च्या युद्धानंतर अनेक चिनी कुटुंबे हा देश सोडून गेली. घर मात्र राहिले आहे.

विठ्ठलवाडीच्या आसपास राहणाऱ्यांस ह्यातील मर्म लवकर कळावे. शेजारचे उल्हासनगर १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत वसविले. त्यांच्या वाडवडिलांची घरे सिंधमध्येच राहिली. आपणांपैकीही कोणी कोकणातून, कोणी नगरकडून पोटामागे येथे आलो. ज्याच्या वाडवडिलांची माती दूर राहिली, त्याने त्यांचा मान कोठे राखावा?

आणखी एक गोष्ट. चिनी वंशावळीत मुलींची नावे बहुधा नसत. सुनेची नोंद पुष्कळदा माहेरच्या आडनावानेच होई. आपण त्यांस हसू नये. आपल्या गावी आज्याचे व पणज्याचे नाव सांगणारे पुष्कळ भेटतील. पण पहाटे उठून जाते ओढणाऱ्या पणजीचे नाव किती जणांस ठाऊक आहे? मत्तयाने लिहिलेल्या वंशावळीत मात्र तामार आहे, राहाब आहे, आणि परक्या मवाबातून आलेली रूथही आहे. ज्या नावांनी कुळास लाज वाटावी असे लोक म्हणत, ती तेथे झाकलेली नाहीत.

तर मग त्या निरोपाचे काय करावे? माझे मत असे की, जावे. आईच्या शेजारी बसावे. बापाने काय सोसले व काय शिकविले हे मुलाबाळांस सांगावे, आणि त्याबरोबर आजीचे नावही सांगावे. पिंड देऊ नये, व का देत नाही हे नम्रपणे बोलावे. कारण आपला बाप उपाशी भटकत आहे असे आपण मानीत नाही. परंतु पानास जेवढा खर्च आला असता, तेवढे धान्य त्याच दिवशी गावातील एखाद्या निराधार घरी पोहोचवावे. हे न करिता जो केवळ पिंड नाकारितो, त्याने खर्च वाचविला एवढेच म्हणता येईल. त्यास सत्यनिष्ठा म्हणू नये.

बंधुभगिनींनो, बापाने आपणांस खांद्यावर घेतले, ते देणे त्यास परत पोहोचविण्याची वाट आता उरली नाही. ज्यास आज खांदा नाही असे पोर आपल्या आळीत आहे. ते देणे त्याच्या दारी चुकते करावे.