टीम स्पिरिट

१ जानेवारी २०१८ ला विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित महाकडक, हे आमच्या साहेबांनी पेपरात वाचलं मात्र, मस्टर दहाच्या ठोक्याला त्यांच्या केबिनमध्ये जाऊ लागलं. 'आपण टीम आहोत!'

आता, माणसानं दुसऱ्याचा धाक का मानावा बाप्पा? पगारासाठी, हे आहेच. पण पंडितांचं मला २०२२ मध्ये उमगलं. १९९९ साली मध्य प्रदेशचे कर्णधार असताना ते बंगळूरला रणजीची अंतिम लढत हरले होते. तेवीस वर्षांनी, प्रशिक्षक म्हणून, त्याच मैदानावर तोच संघ जिंकला, तेव्हा या कडक माणसाला रडू आवरेना. अशा माणसाच्या शिव्या मी बिनतक्रार खाईन.

आमच्याकडे त्याच आठवड्यात माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी भरले. टीम सहालाच घरी गेली होती, साहेब पावणेसहाला.