देवमाशाविना समुद्र

चंद्रपूर जिल्ह्यातला गोंडपिपरी तालुका वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधला. दोन्ही नद्या पुढे चपराळ्याच्या जंगलाजवळ भेटतात आणि प्राणहिता होतात. बंगालचा उपसागर इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी पश्चिमेला राजुरा-कोरपन्याकडे गेलं की गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांना पुरणारी चुनखडी लागते आणि ती समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. भूशास्त्रात त्या थराचं नावच ‘चांदा चुनखडी’. वय अंदाजे शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे.

एवढं कळल्यावर मनात लगेच देवमासे पोहू लागतात. ‘फार पूर्वी’ म्हटलं की सगळी प्राचीनता आपण एकाच काळात कोंबतो. पण त्या समुद्रात मासा नव्हता, शिंपलाही नव्हता. होते ते सूक्ष्मजीव. बल्लारपूरचा कोळसा झाला तो पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, गोड्या पाण्याच्या दलदलीत. सिरोंच्याकडचे डायनासोर त्यानंतरचे. देवमाशाची कुळकथा सुरू होते अवघ्या पाच कोटी वर्षांपूर्वी, आणि तोवर इथे समुद्राचा मागमूस नव्हता. समुद्र आमच्या पायाखाली आहे, पण त्यात देवमासा कधीच नव्हता.

तो घडला भारताच्या उत्तर आणि पश्चिम काठांवर, आशियाकडे सरकणाऱ्या भूखंडामुळे आटत चाललेल्या टेथिस समुद्राच्या कडेला. जम्मूतल्या कालाकोटजवळ ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञाने दगड गोळा केले आणि त्यांतल्या एका छोट्या खुरवाल्या प्राण्याला 1971 साली ‘इंडोहायस’ असं नाव दिलं. उरलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर घरीच पडून होते. पत्नीने ते जपले आणि पुढे हान्स थेविसेन या जीवाश्मतज्ज्ञाच्या हाती सोपवले. प्रयोगशाळेत इंडोहायसची एक कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून तुटलं आणि आतली जाड कड उघडी पडली. अशी कड देवमाशांच्या कुळाची खूण. हे 2007 साली प्रसिद्ध झालं. मला या कथेत त्या बाईंचा वाटा फार मोठा वाटतो.

इंडोहायसच्या पायांची हाडं जाड आणि जड होती, पाण्यात बुडून राहायला उपयोगी. दातांतल्या ऑक्सिजनवरून त्याचा पाण्यातला वावर कळतो. कार्बन मात्र जमिनीवरच्या चाऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणजे हा प्राणी चरायचा काठावर आणि पाण्यात शिरायचा बहुधा जीव वाचवायला. मासे खाण्याची ओढ नंतरची. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण उत्क्रांती म्हणजे नव्या प्रदेशावर चालून जाणं, असं आपण सहज धरून चालतो. इथे सुरुवात भीतीची आहे. आधी दडण्याची सवय लागली आणि शरीर पिढ्यान्‌पिढ्या त्या सवयीमागून बदलत गेलं.

तेही अर्धवटच. कच्छमधल्या हरुडीच्या थरांत सापडलेला ‘कच्छिसिटस’ हा सुरुवातीचा देवमासा पाण्यात रुळला होता, पण त्याला पाय होते. आजच्या देवमाशाला पाय नाहीत, तरी कल्ले आलेच नाहीत. श्वासासाठी वर यावं लागतं, पिल्लाला दूध पाजावं लागतं. धावणाऱ्या चतुष्पादाचा कणा जसा वरखाली वाकतो, तशीच त्याची शेपटी चालते. पाण्यात परतला, पण मासा झाला नाही.

आणि या कहाणीची सुरुवात कशी झाली असेल, ते ताडून पाहायला चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल उपयोगी पडेल. इथे पिसोरी आहे, सशापेक्षा थोडंसं मोठं, बिनशिंगाचं, निशाचर जनावर. ती देवमाशाची पूर्वज नाही. त्याचा आजचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा. पण आफ्रिकेतली पाणपिसोरी गरुड दिसला की ओढ्यात बुडी मारते आणि श्रीलंकेतली पिसोरीही पाठलाग झाला तर पाण्याखाली जाताना दिसली आहे.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राण्यांच्या नोंदीसाठी मचाणावर बसलेले सगळे वाघाची वाट बघतात. मला पिसोरीची नोंद हवी असते. पाणवठ्यावर बिबट्या आला की ती कुठे पळते, झुडपात की पाण्यात, एवढं जरी कुणी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं, तरी कालाकोटच्या हाडांवरून बांधलेला तर्क जिवंत जनावराशी ताडून बघता येईल.