मीटरच्या किरकिरीवर मनन

पहाटे गाडी काढा. दूधवाले आणि पेपरवाले सोडले तर रस्त्यावर कोणी नसतं, अशी वेळ हवी. थंडीचे दिवस असतील तर आणखी बरं. थंडीत जुनं ग्रीस घट्ट होतं आणि दुपारी दबून राहिलेली किरकिर पहाटे मोकळी होते. हेल्मेट असू द्या, हा आवाज हेल्मेटमधूनही नीट पोचतो.

मी जुनी बजाज चेतक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून ही स्कूटर येऊ लागली, नंबर लावून लोक वर्षानुवर्षं तिच्यासाठी थांबले, आणि आजही कित्येक घरांच्या जिन्याखाली ती चालू स्थितीत उभी आहे. पण बुलेट असो, फियाट असो की जीप, ज्या गाडीच्या मीटरला केबल आहे तिला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

निघा, सावकाश. पंधरा-वीसच्या वेगाला कदाचित काहीच ऐकू येणार नाही. घाई नाही. हळूहळू तीसकडे जा आणि आवाज नेमका कुठे उमटतो ते पाहा. सुरुवातीला तो सुटासुटा असतो, टक, टक, टक. वेग वाढतो तसे ते ठोके एकमेकांत मिसळतात आणि कुईं असा एक लांब सूर लागतो. ठोक्यांचा सूर होतो त्या वेगाला थोडं रेंगाळा. काट्यावर एक ओझरती नजर टाका आणि पुन्हा रस्त्याकडे बघा. काटा पस्तीस-पंचेचाळिसाच्या मध्ये झोके खात होता का? आवाज आणि काट्याची थरथर एकाच लयीत असेल तर दोघांचं मूळ एक आहे. एवढं मनात ठेवा, निष्कर्ष काढायला अजून वेळ आहे.

रस्ता मोकळा असेल तर क्लच दाबा आणि गाडी तिच्या वेगाने वाहू द्या. इंजिन खाली बसतं. किरकिर मात्र तशीच राहिली? मग ती इंजिनाची नाही, चाकाबरोबर फिरणाऱ्या कशाची तरी आहे. ब्रेक हलकेच लावलात की चाकाबरोबर तीही मंदावेल. आता एखादं ऐसपैस वळण घ्या. चेतकची मीटर केबल हँडलच्या खांबातून खाली पुढच्या चाकापर्यंत उतरते. हँडल वळलं की तिचा बाक बदलतो. बाकाबरोबर सूरही बदलला तर केबल कुठेतरी मुडपली आहे किंवा आतून कोरडी पडली आहे.

घरी या. गाडी स्टँडवर लावा आणि पुढच्या चाकाशेजारी पाट घेऊन बसा. उकिडवं बसू नका, पाय भरून येतील आणि मन तिकडेच जाईल.

समोर चाकाचं हब आहे. त्याच्या आत, बाहेरून न दिसणारी एक छोटी गरारी आहे. चाक तिला फिरवतं, ती केबलला फिरवते. केबल म्हणजे खरं तर दोन वस्तू: बाहेरची स्थिर नळी आणि आत फिरणारी तार. ती तार एकसंध सळई नाही. बारीक पोलादी तारांचे थर एकावर एक, आळीपाळीने उलट्या दिशांनी गुंडाळून ती बनवलेली असते. म्हणूनच ती वाकू शकते, आणि वाकूनही एका टोकाचा पीळ दुसऱ्या टोकाला पोचवते. तिची टोकं चौकोनी असतात, चौकोनी खाचांत बसतात.

आता चाक हाताने एकदा पूर्ण फिरवा. या एका फेऱ्यात गाडी साधारण १.३५ मीटर पुढे गेली असती. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे ७४० च्या आसपास फेरे होतात आणि ४० च्या वेगाला मिनिटाला जवळजवळ ५०० फेरे. तितका वेळ ती तार नळीच्या भिंतीशी अंग घासत फिरत असते. ऑफिसला जाताना, मुलांना शाळेत सोडताना, लग्नाला, दवाखान्यात, स्टेशनवर. दर पावसाळ्यात हे चाक खड्ड्यांतल्या पाण्यातून गेलं, दर उन्हाळ्यात धुळीतून. नळीत कधीकाळी घातलेलं ग्रीस आटलं, त्यात धूळ मिसळली, त्याची काळी पेस्ट झाली. आवाज आपल्याला आज ऐकू आला, कोरडेपणा कितीतरी आधीपासून चालू होता. या विचारापाशी थोडं थांबा. इतकी वर्षं काहीही न बोलता चाललेल्या या तारेकडे आपण किती वेळा लक्ष दिलं?

मग वर या, मीटरकडे. इथली गोष्ट मला आजही थक्क करते आणि ती समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरापर्यंत जायला माझी हरकत नाही. एखादं जाड ॲल्युमिनियमचं ताट आणि एक छोटं पण दणकट चुंबक घ्या. चुंबक ताटाला लावून पाहा, ते चिकटत नाही. आता ताट तिरकं धरा आणि चुंबक त्यावरून घसरू द्या. लाकडी फळीवरून ते भरकन खाली येतं. ताटावरून मात्र कोणीतरी बोट धरून जिना उतरवावं तसं सावकाश येतं. पुन्हा करा. पुन्हा. चुंबक थांबलेलं असताना ताटाला त्याचं काही देणंघेणं नाही. ते हललं की मात्र धातूच्या आत वीज खेळू लागते आणि ती त्याची हालचाल अडवू पाहते.

फ्रेंच शास्त्रज्ञ आरागोने १८२४ साली पॅरिसमध्ये तांब्याची चकती फिरवून वर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे फिरताना दाखवली. सूचीला चकतीचा स्पर्शही झाला नव्हता. कारण उलगडलं ते १८३१ च्या फॅरेडेच्या प्रयोगांनंतर. आणि १९०२ साली ओटो शुल्त्से या जर्मन अभियंत्याने याच तत्त्वावर वेगमापकाचं पेटंट बर्लिनमध्ये घेतलं. तुमच्या हँडलवरचं मीटर त्याच घराण्यातलं आहे. केबल आतलं चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी आहे आणि तिला काटा जोडलेला आहे. चुंबक वाटीला शिवत नाही, पण तिला आपल्याबरोबर ओढत राहतं. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि अटकाव सारखे झाले की काटा तिथे ठरतो.

म्हणजे वेग मोजण्याचं मुख्य काम स्पर्शाशिवाय होतं, आणि म्हणून आवाजाशिवायही. किरकिर येते ती जिथे धातू धातूला टेकतो तिथून: तार आणि नळी, गरारीचे दात, मीटरचा दांडा आणि तो ज्यात फिरतो तो बुश. तेवढ्याच जागा. शोध किती लहान झाला बघा. बुश पार झिजला की दांडा डगमगतो, चुंबक वाटीला टेकतं आणि काटा एकदम टोकाला झेपावतो. तशी वेळ येण्याआधी हा आवाज आपल्याला कळवत असतो.

इथे एक मोह होतो. केबलचा नट सोडायचा, तार मोकळी करायची, संपला त्रास. रस्त्यावर अशा शांत गाड्या खूप फिरतात. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. काटा शून्यावर झोपला की वेगाचा अंदाज आपल्या मनावर उरतो, आणि उतारावर मन नेहमी कमी वेग सांगतं. त्याच दांड्यावर किलोमीटरचे आकडेही चालतात, म्हणजे ऑइल कधी बदललं, टायर किती चालला, पेट्रोलला ॲव्हरेज काय पडतं, सगळा हिशेब त्या दिवशी थांबतो. आवाज ऐकून घेणं आणि त्याची सोय लावणं यातच त्या यंत्राचा मान आहे असं मला वाटतं.

नट मात्र एकदा सोडायचाच आहे, तपासण्यासाठी. मीटरच्या टोकाकडून केबल अलग करा आणि एक छोटी फेरी मारा. आवाज गेला तर दोष मीटरमध्ये आहे किंवा केबलवर मीटरचा भार पडतो आहे. आवाज राहिला तर केबल आणि हबकडे वळा.

आता हात काळे करायला हरकत नाही. तार नळीतून सावकाश ओढा. अडली तर झटका देऊ नका, थोडी फिरवत काढा. फरशीवर ठेवून तळव्याखाली लोळवा. सरळ तार निमूट लोळते, मुडपलेली एका जागी उड्या मारते. त्या जागेवर डोळा ठेवा. एखादी बारीक तार तुटून बाहेर आली असेल, चौकोनी टोक गोल झालं असेल, तर ती तार परत घालू नका. पुण्यात नाना पेठेत आणि बहुतेक गावांतल्या सुट्या भागांच्या दुकानांत नवी केबल मिळते. जुनी बरोबर न्या आणि लांबी जोडून बघा.

तार धड असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसा. चिंधीवर उतरणारा काळा लेप बघा. दुसरी चिंधी घ्या, तिसरी घ्या, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. इथे कंटाळा आला तरी पुसत राहा, सगळं काम याच पुसण्यात आहे.

मग बोटावर थोडं पातळसर ग्रीस घ्या आणि तार चिमटीतून ओढा. थर इतकाच हवा की खालचे पीळ दिसत राहतील. मीटरकडच्या टोकाचे चार-पाच इंच मात्र कोरडे ठेवा. फिरणारी पिळाची तार ग्रीस हळूहळू वर चढवत नेते. ते मीटरमध्ये शिरलं की वाटीला आणि चुंबकाला चिकटतं आणि न शिवता चालणारं काम बिघडतं. मायेपोटी जास्त ग्रीस थापलेली मीटरं मी अशीच जाम झालेली पाहिली आहेत. आवाज मीटरमधून येत असेल तर दांडा जिथे आत शिरतो तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, मीटर उलटं धरून, आणि तो मुरेपर्यंत बसून राहा. एकच थेंब.

बसवताना टोक खाचेत गेल्याशिवाय नट आवळू नका. चाक किंचित मागेपुढे केलंत की चौकोन आपोआप जागा शोधतो. नट बोटांनी घट्ट करा, पकड लावून नको. वाटेत केबल कुठे दुमडत नाही ना, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोच रस्ता, तोच वेग. कुईं गेली असेल, बारीक टकटक उरली असेल, तर हबातली गरारी झिजली आहे. ती छोटीशी वस्तू आहे आणि बदलता येते. सूर जसाच्या तसा असेल तर बुश संपला आहे. तेव्हा तेल वाढवत बसू नका. मीटर उतरवा आणि जुनी मीटरं उघडणाऱ्या कारागिराकडे द्या. नवं मीटर घ्या असा सल्ला कोणीतरी देईलच. मी असतो तर आधी बुश बदलून मिळेल का ते विचारलं असतं, आणि खोलण्यापूर्वी आजचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवला असता.